हक्काची बायको व्हा (नवशिक्यांसाठी)

तुम्ही पुण्याच्या, नवरा म्हापशाचा. सासरे १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले. त्या पुण्याईवर नवऱ्याच्या खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट आणि जर्मनीत नोकरी. अभिनंदन! युरोपियन युनियनच्या २००४/३८ या निर्देशानुसार त्याच्याजवळ राहणं हा तुमचा हक्क आहे. व्हिसा फुकट, तोही लवकर. तिथे राहण्याचं कार्ड अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत. हक्क मिळालेलाच आहे, तुम्ही तो फक्त सिद्ध करायचा. प्रत्येक खिडकीवर.

१. नवरा पारखून घ्या. जर्मनीत राहायचं तर जर्मन नवरा टाळा. त्याच्या बायकोला तिथे जाण्याआधी सहसा जर्मनची ए-वन परीक्षा द्यावी लागते. पोर्तुगीजाच्या बायकोला नाही. कारण हा निर्देश स्वतःचा देश सोडून युनियनमध्ये दुसरीकडे राहणाऱ्यांसाठी आहे. जो आपल्या घरी राहिला, तो फसला. (उद्या नवऱ्याला लिस्बनची ओढ लागली तर? त्यावरही तोड आहे. ब्रिटिश बायकोबरोबर जर्मनीत नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या सुरिंदर सिंग यांच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं, की बाहेर कमावलेला हक्क परतताना सोबत येतो. तोवर त्यांचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती, पण तत्त्व महत्त्वाचं.)

२. आडनाव जुळवा. नवऱ्याचं आडनाव नाईक: लिस्बनच्या कागदावर त्याच्या शेवटी क्यू-यू-ई, तुमच्या विवाहाच्या दाखल्यावर नुसता के. ‘अहो, उच्चार एकच आहे,’ असं खिडकीवर म्हणू नका. उच्चारावर शिक्का मारता येत नाही. प्रतिज्ञापत्र करा, दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का, करून घ्या. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणून तिथे तो चालत नाही, हे तुम्हाला शिक्का मारून झाल्यावर कळेल. चालायचंच.

३. जर्मनीत पोहोचून कार्डाचा अर्ज दिला की पावती मिळते. तिच्यावर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडलात तर तेवढ्यावर परत येता येत नाही. तेव्हा कार्ड हातात पडेपर्यंत माहेरी कुणाला लग्न करू देऊ नका. आजारपणंही पुढे ढकलायला सांगा.

४. कार्ड मिळालं, नवऱ्यासह माहेरी जाऊन आता परत निघालात. मुंबईचा विमानतळ, रात्रीचा दीड. काउंटरवरची मुलगी पासपोर्टाचं पान न् पान उलटते. ‘मॅम, व्हिसा?’ तुम्ही कार्ड पुढे करा. या कार्डावर व्हिसा लागत नाही, असं निर्देशाच्या पाचव्या कलमात आहे. त्याची छापील प्रत पिवळ्या रेघा मारून जवळ ठेवा. ती वाचणार नाही. कार्ड दिव्याखाली तिरकं धरेल, मागची जर्मन अक्षरं नखाने खरवडून बघेल, मग फोटो काढून कुणाला तरी पाठवेल. चिडू नका. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो; तुमच्यापेक्षा ती जास्त घाबरलेली असते. मागची रांग खाकरत असते. बाहेर थांबलेले बाबा चौथ्यांदा फोन करून ‘गेलीस का गं आत?’ विचारतात. ‘हो’ म्हणा. त्यांना झोपू दे.

५. फ्रँकफर्टला उतरल्यावर नवऱ्याबरोबर युनियनवाल्यांच्या रांगेत उभं राहायची तुम्हाला मुभा आहे. पण तो सवयीने पासपोर्ट टेकवून स्वयंचलित दारातून पलीकडे गेलेला असेल. त्याला हाका मारू नका. अधिकारी विचारेल, ‘कोणाबरोबर आलात?’ काचेपलीकडे बोट दाखवा. नेमका तेव्हाच तो पाठ करून बॅगांच्या पट्ट्याकडे चाललेला असेल.