दोरी वीस मीटर, क्ष किती?

बीजगणिताचं अवघड उदाहरण सोडवायला वही, पेन्सिल आणि दहावीतलं एक मूल लागतं. मूल शेजाऱ्यांचं असलेलं बरं. स्वतःचं असलं की आवाज लवकर चढतो.

आमचं उदाहरण नोएडाचं. सोसायटीच्या पार्कात, मागच्या भिंतीला लागून गणपतीचा मांडव घालायचा होता. हद्द आखायला दोरी मिळाली २० मीटर. आरडब्ल्यूएचे, म्हणजे रहिवासी संघाचे, सेक्रेटरी म्हणाले, ‘जितनी जगह घेर लो, आपकी.’ आता काटकोनी मांडवात जास्तीत जास्त जागा कशी घ्यायची?

पायरी पहिली. प्रश्न एकदाच वाचा. दोनदा वाचणाऱ्याला शंका येतात.

पायरी दुसरी. जे ठाऊक नाही त्याला क्ष म्हणा. दिल्लीकडे वाढलेलं मूल एक्स म्हणेल. त्यावरून हुज्जत घालू नका. मी पंधरा मिनिटं घातली. एक बाजू क्ष, निम्मी दोरी दहा, म्हणून दुसरी बाजू १० − क्ष.

पायरी तिसरी. कालू सरायच्या क्लासला जाणारा पुतण्या मध्येच ‘डेरिव्हेटिव्ह घ्या, शून्य करा’ म्हणेल. त्याला दूध आणायला पिटाळा. दहावीला कलन नसतं आणि तुमचं कॉलेजातच राहून गेलेलं असतं.

इथे दिल्लीचेच एक मास्तर मदतीला येतात. दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र. अशी महत्तम-लघुत्तमाची गणितं कलनाला हात न लावता, नुसत्या बीजगणितानं सोडवणारं पुस्तक त्यांनी १८५० साली कलकत्त्यात पदरमोड करून छापलं. तिथे नाकं मुरडली गेली. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना मात्र ते इतकं भावलं की १८५९ मध्ये त्यांनी ते तिकडे पुन्हा काढवलं. युक्ती सरळ आहे, जराशी लबाडही: सर्वांत मोठं क्षेत्रफळ शोधायलाच जायचं नाही. ते आधीच कुणीतरी नेमून दिलंय असं समजायचं आणि त्याला र म्हणायचं.

क्ष(१० − क्ष) = र
क्ष = ५ ± √(२५ − र)

वर्गमुळाच्या आत डोकावा. र पंचविसाच्या वर गेला की आत ऋण संख्या, आणि तसल्या मापाचा मांडव कुठलाच मांडववाला घालून देत नाही. म्हणजे र फार तर २५. क्ष पाच, दुसरी बाजूही पाच. (‘चौरसच येणार’ हे मुलानं सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. ‘पायऱ्या दाखव’ म्हणून दरडावा. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात.)

पायरी चौथी. उत्तराखाली दोन रेघा मारा आणि माळ्याला खुंट्या ठोकायला सांगा.

पायरी पाचवी. बायकोला वही दाखवा. ती विचारेल, ‘भिंतीच्या बाजूला दोरी कशाला? भिंत आहे की.’

भिंतीला काटकोनात दोन बाजू क्ष, समोरची २० − २क्ष. पुन्हा मास्तरांचीच रीत:

क्ष = ५ ± √(२५ − र/२)

र पन्नासापर्यंत चढतो. पाच बाय दहा. बरोबर दुप्पट मांडव, तेवढ्याच दोरीत.

एव्हाना माळी चारही खुंट्या ठोकून गेलेला असतो. त्याला परत बोलवायला मुलाला पाठवा. आपण जाऊ नये.