बिनबोलावलेले इंटरप्ट: नवशिक्या मेकॅनिकसाठी मार्गदर्शन

लातूरच्या मोंढ्यातून नांदेडला फोन येतो, "सर, काट्याचं कॉम्प्युटर अडकायलंय." म्हणजे तुरीची पोती भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा आहे आणि स्क्रीनवर वजन येईना. नवशिक्याने घाबरू नये. पोचल्यावर आधी चहा घ्यावा.

मग रूढ उपचार उरकावेत: ब्लोअरने धूळ उडवणे, रॅमचे पाय खोडरबरने घासणे. बिघाड जात नाही, पण मालकाला काम दिसतं आणि जाण्यायेण्याचं भाडं मागायला तोंड राहतं. फॉरमॅट मात्र मारू नये. मशीन लिनक्सवर असेल तर पुरावा लॉगमध्येच असतो. तिथे दिसेल, 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', म्हणजे १६ नंबरच्या इंटरप्ट लाइनला कोणी वाली नाही. वाचून हळवं होऊ नका.

भानगड अशी. २०११ च्या सुमारास इंटेलच्या बऱ्याच चिपसेटमधून जुनी पीसीआय बस गेली. काट्याच्या सिरियल कार्डासारखी जुनी कार्डं चालावीत म्हणून मदरबोर्डवाल्यांनी मध्ये ब्रिज चिप बसवली. इंटरप्ट म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि पीसीआयमध्ये त्यासाठी सामायिक तार: वाड्यात बिऱ्हाडं चार, घंटी एक. कार्ड तार खाली ओढून धरतं, ड्रायव्हरने काम उरकलं की सोडतं. पीसीआय एक्स्प्रेसला ही तारच नाही. म्हणून ब्रिज 'ओढली' असा एक निरोप धाडतो आणि 'सोडली' असा दुसरा. एएसएम १०८३ ही चिप बदनाम आहे ती या दुसऱ्या निरोपापायी. कधीकधी तो जातच नाही. मग कर्नल दारोदार विचारत फिरतो आणि प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो, माझं नाही. १,००,००० इंटरप्टांतले ९९,९०० बेवारस निघाले की कर्नल ती लाइनच बंद करतो. त्याच लाइनवरच्या निरपराध यूएसबीचेही हाल होतात.

भलत्याच्या माथी खापर फोडण्याची रीत जुनीच. १९८१ साली नांदेडला गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, त्याच वर्षी आयबीएम पीसी आला. त्यातली इंटरप्ट सांभाळणारी ८२५९ए चिप, कोणी हाक मारली हे विचारेपर्यंत हाक थांबली, तर बेधडक सात नंबर सांगायची. सातवर असायचा बिचारा प्रिंटर.

उपाय? /प्रॉक/इंटरप्ट्स उघडून कोणता आकडा सुसाट पळतोय ते बघा. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये घाला. लाइन बदलली तर निदान यूएसबी सुटतं. कर्नलला 'आयआरक्यूपोल' हा पर्याय लावून मशीन चालतं, पण लंगडत. खरा इलाज म्हणजे एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) वापरणारं एक्स्प्रेस कार्ड. त्यात तार ओढणं-सोडणं नाही. कार्ड ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहून मोकळं होतं.

मात्र घेताना कार्ड नीट न्याहाळा. काही स्वस्त एक्स्प्रेस कार्डांवर आत जुनीच पीसीआय चिप असते आणि शेजारी ब्रिज. त्यावर १०८३ दिसलं, तर पैसे देण्याआधीच कार्ड दुकानदाराला परत करा. ट्रकवाल्याला तोवर दुसऱ्या काट्यावर पाठवा.