चिलखतराव

पर्वती चढायला दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या, सिंहगडाला निघताना पाठीवर दोर, आणि वर भज्यांपाशी पोचल्यावर मनगटावरच्या घड्याळात समुद्रसपाटीपासूनची उंची बघणारा माणूस तुमच्याही ओळखीत आहे. तेव्हा त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. तो टेक्ससला स्थायिक झाला आणि त्याला पिस्तूल परवडायला लागलं की पुढे काय होतं, तेवढंच सांगतो.

डॅलसच्या बाहेर, घरं संपून नुसतं गवत सुरू होतं तिथे, महिन्यातल्या एका रविवारी आमच्या क्लबाची मॅच असते. नेमबाजी म्हटलं की आपल्याकडे श्वास रोखून एका जागी उभं राहायचं असतं. इथे उभं राहिलात तर हरलात. टायमर वाजला की पिस्तूल काढायचं आणि लाकडी चौकटींच्या खोट्या भिंती, खोट्या खिडक्या, खोटी दारं यांतून धावत पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर गोळ्या झाडायच्या. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा तुमचा निकाल. तिन्ही बाजूंना मातीचे उंच बांध. ज्याची पाळी आहे तो सोडून कुणाच्याही पिस्तुलात गोळी नाही. नळी ठरलेल्या रेषेच्या मागे वळली की माणूस बाद, सामान गोळा करून घरी. नुसतं बघायला आलेल्यालाही डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे सक्तीचे. अख्ख्या टेक्ससमध्ये एवढी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही; शाळेच्या पार्किंगमध्ये तर नाहीच.

अशा जागी चिलखतराव चिलखत घालून येतात.

चिलखत म्हणजे छातीवर एक आणि पाठीवर एक अशा सिरॅमिकच्या दोन प्लेटा, त्या अडकवायचं जाड कापडाचं खोगीर आणि त्या खोगिरावर लटकवलेला संसार. प्लेटा लेव्हल फोरच्या. म्हणजे रायफलीची चिलखतभेदी गोळीसुद्धा अडवणाऱ्या. आमच्या मॅचमध्ये सगळ्यांकडे नऊ एमएमची पिस्तुलं. पण सांगणार कोण? खोगिरावर रक्त थांबवायचा पट्टा, कात्री, टॉर्च, एक रेडिओ (दुसरा रेडिओ कुणाकडे आहे, हे कळलेलं नाही) आणि रक्तगटाची वेल्क्रोची चिठ्ठी. एका थैलीत राजगिऱ्याच्या वड्या. सगळं मिळून दहा-अकरा किलो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "हे कशासाठी?"

चिलखतराव मूळचे इचलकरंजीचे. अमेरिकेत वीस वर्षं काढून, कंपनीत चाळीस माणसं हाताखाली घेऊनही बोलणं तिथलंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावा, वेळ सांगून येत न्हाई."

आता या वाक्याला उत्तर नाही. हे वाक्य एलआयसीच्या एजंटाने वापरलं, लग्न ठरवणाऱ्या मावशीने वापरलं, तरी आपण गप्पच बसतो. चिलखतरावांनी मात्र ते तोंडात कायमचं बसवून घेतलंय. ऑगस्टात पारा चाळिशीला टेकला, सगळे तंबूच्या सावलीत बर्फाची पिशवी मानेवर ठेवून बसले, हे उन्हात चिलखतासकट उभे. चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा. "काढा हो आता," म्हटलं. "वेळ सांगून येत न्हाई." थोड्या वेळाने पाय लटपटले. चौघांनी धरून खुर्चीत बसवलं, चर्रर्र करून वेल्क्रो उघडलं, क्षारांचं पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "बघितलंस? सांगून आली का?"

त्यांची वेळ एकाच ठिकाणी सांगून येते, टायमरवर. सोळा गोळ्यांची स्टेज. चिलखतराव कुठल्याही टार्गेटावर नेम चुकत नाहीत. मधल्या चौकटीत सोळाच्या सोळा, म्हणजे पूर्ण ८० गुण. लागलेले सेकंद ६४. भागाकार सव्वा. त्यांच्यानंतर हाफपँटमधली, वेणीवाली एक शाळकरी मुलगी आली. तिचे गुण ७२, सेकंद १२. भागाकार सहा. ती तीनदा खिडकीतून वाकली, एकदा गुडघ्यावर बसली. चिलखतराव गुडघ्यावर बसले की रेंज ऑफिसर टायमर धरलेला हात बदलून घेते.

बरं, वाद घालावा तर माणूस थेट प्रतापगडावर जातो. "महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं नव्हतं व्हय?" घातलं होतं. १० नोव्हेंबर १६५९. पण एक तर ते अंगरख्याखाली होतं, बघणाऱ्याला पत्ता नव्हता, आणि रक्तगट बाहेर लावलेला नव्हता. शिवाय समोर अफझलखान होता. इथे समोर पुठ्ठा आहे. पुठ्ठा मिठी मारायला पुढे येत नाही. हे मी बोलून दाखवलं, तर ते कोल्हापुरात उतरले. "आणि आमचा स्वप्निल कुसाळे? तो घालत न्हाई जाकीट? त्यात पॅरिसला ब्राँझ काढलं!" आता तिथे रायफलवाल्यांचं ते ताठ जाकीट शरीर स्थिर ठेवायला असतं, आणि त्याचा फार आधार मिळू नये म्हणून जाडी मोजतात, अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. चिलखतरावांची प्लेट चांगली बोटभर जाड. ती मोजायला निघालं तर मोजणारा अवजाराची माफी मागेल.

त्यांच्या घरी गणपतीशेजारी फोटो लावायचा राहिलाय तो रिचर्ड डेव्हिस यांचा. स्टेफनी क्वोलेक बाईंनी १९६५ साली ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत ज्या धाग्याचा शोध लावला, त्याचं पुढे केव्हलार झालं. डेट्रॉइटमध्ये पिझ्झा विकणाऱ्या या डेव्हिस गृहस्थांनी त्याची जाकिटं करून पोलिसांना विकली, आणि गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून ते जाकीट घालून स्वतःवर १९०हून अधिक वेळा गोळी झाडून दाखवली. "एकशे नव्वद वेळा!" चिलखतराव हे सांगताना डोळे मिटतात. मी म्हटलं, "अहो, पिस्तूल त्यांच्याच हातात होतं. त्यांची वेळ सांगूनच येत होती." त्यावर दोन दिवस फोन नाही.

पण सगळ्यात मोठा प्रकार पाठीचा. वर्षभर त्यांची पाठ दुखत होती. फिजिओथेरपी झाली, गादी बदलली, वहिनींनी महानारायण तेल मागवलं. एका मॅचला आमच्यातल्या एका माजी सैनिकाने त्यांना पाठमोरं बघितलं, जरा मान तिरकी केली आणि खोगीर उतरवायला लावलं. चर्रर्र. मागच्या थैलीतून प्लेट बाहेर काढली. अशा प्लेटांवर गोळीच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'स्ट्राइक फेस' छापलेलं असतं. ती बाजू चिलखतरावांच्या पाठीला होती. प्लेटेचा बाकही उलटा, म्हणजे वर्षभर तिचा फुगवटा कण्यात रुतत होता. सैनिकाने प्लेट फिरवून परत घातली, काही न बोलता. पाठ त्याच आठवड्यात बरी झाली. श्रेय तेलाला मिळालं.

या सैनिकाचं सांगायलाच हवं. गडी इराकात दोनदा जाऊन आलेला. मॅचला तो फुलाफुलांचा शर्ट, हाफपँट आणि एका गुडघ्याला पट्टा अशा वेषात येतो. तुम्ही का नाही घालत, असं चिलखतरावांनीच त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मी पगार घेऊन पुष्कळ घातलंय. आता फुकट नाही घालणार."

तसं बघायला गेलं तर सोंग सगळ्यांचंच आहे. या खेळाच्या जन्मातच गोंधळ. १९७६ साली मिझुरी राज्यातल्या कोलंबियात आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष जेफ कूपर मरीन दलातले. त्यांच्या लेखी ही जीव वाचवायची तालीम. तालमीचा खेळ झाला, खेळाला शर्यतीची महागडी पिस्तुलं लागली. मग १९९६ साली, हे काही खरं नव्हे, म्हणत काहींनी वेगळी चूल मांडली. तिथला नियम असा की पिस्तूल कपड्याखाली झाकलेलं हवं. म्हणून तिकडे भर उन्हात सगळे बिनबाह्यांची, भरपूर खिशांची जाकिटं घालून मासे धरायला निघाल्यासारखे दिसतात. आणि आमच्याकडे छातीभर कंपन्यांची नावं छापलेल्या जर्सी. ज्यांना एकही कंपनी विचारत नाही तेही पदरचे पैसे खर्चून छापून घेतात. मूळ संघटनेच्या नियमावलीत सैनिक आणि पोलीस सोडून इतरांनी लष्करी धाटणीचे कपडे टाळावेत असं सुचवलेलं आहे. जाहिरातींच्या कपड्यांबद्दल कुणी काही सुचवल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला चिलखताचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. छातीवरच्या थैल्यांमुळे या माणसाला स्वतःचं होल्स्टर दिसत नाही. या खेळात अंगाशी यायचा खरा क्षण पिस्तूल परत होल्स्टरमध्ये सरकवतानाचा, आणि तेव्हा गोळी सुटलीच तर ती जाणार मांडीत. मांडीवर प्लेट नाही. आमची रेंज ऑफिसर, निवृत्त शिक्षिका आहे, ती त्यांच्या मागे उभी राहून बाराखडी गिरवून घेतल्यासारखं सांगते, "सावकाश. बोट बाहेर. खाली बघ." चिलखतराव खाली बघतात. त्यांना राजगिऱ्याच्या वड्या दिसतात.

एवढं सगळं असून स्क्वॉड निवडताना मी त्यांचंच निवडतो, आणि ते का, हे कबूल करायला मला बरेच महिने लागले. प्रत्येकाची पाळी झाली की टार्गेटावरच्या भोकांना खाकी चिकट तुकडे लावायचे असतात, पाडलेले पोलादी पत्रे उभे करायचे असतात. हे काम सगळ्यांनी करायचं. पट्टीचे नेमबाज नेमके तेव्हा मॅगझीन भरायला लागतात, नाहीतर त्यांना फोन येतो. अकरा किलो अंगावर घेऊन दिवसभर सगळ्यांची भोकं बुजवत फिरतो तो हा माणूस. नवख्याच्या हाताला कंप सुटला की शेजारी जाऊन उभा राहतो आणि काही न विचारता वडी पुढे करतो.

गणपतीत त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. चिलखतराव आत मोदक बघायला गेले, तसं मी वहिनींना म्हटलं, "हे खूळ कधीपासून?"

"मॉलपासून," त्या म्हणाल्या.

६ मे २०२३, शनिवार. डॅलसजवळच्या अ‍ॅलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार करून आठ जणांना मारलं. मरणाऱ्यांत हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअरही होती. आमच्याकडचं निम्मं देशी पब्लिक सुट्टीच्या दिवशी त्याच मॉलमध्ये असतं. "आदल्या शनिवारी पिंकीचे बूट तिथूनच घेतले," वहिनी सांगत होत्या. पिंकी त्यांची मुलगी. "एक नंबर लहान निघाले. बदलायला त्या दिवशी जायचं होतं. यांना कंटाळा आला, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणाले." चिलखतरावांच्या दुर्गुणांपैकी कंटाळा हा एकच वहिनींनी तेव्हापासून काढायचा सोडून दिलाय.

त्यानंतर पहिली खरेदी झाली ती दप्तरात पुस्तकांमागे सरकवायच्या काळ्या पातळ पाटीची. ती पिस्तुलाची गोळी अडवते, रायफलीची नाही. हे मला चिलखतरावांनीच नंतर सांगितलं, अगदी सहज, गाडीच्या टायरबद्दल बोलावं तसं. पिंकी ती पाटी शाळेत नेत नाही. तिच्यावर कागद ठेवून ती हस्तकलेचं कटर चालवते. मग स्वतःसाठी प्लेटा आल्या. आणि मग लक्षात आलं की त्या घालून जायला जागाच नाही. शाळेत न्यायला चालणार नाही, देवळात बरं दिसणार नाही. मॉलमध्ये अंगावर चिलखत घालून शिरलेला माणूस दिसला की लोक त्याच्यापासूनच पळतील, आणि त्यांचं काही चुकणारही नाही: २०२२ साली बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये मारायला आला होता त्याच्याच अंगात चिलखत होतं, तिथल्या सुरक्षारक्षकाची गोळी त्यामुळेच वाया गेली. न्यूयॉर्क राज्याने त्यानंतर अशा वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध घातले. राहता राहिली आमची मॅच. तिथे लोक फक्त हसतात.

मोदक आले. तूप वाढता वाढता चिलखतराव माझ्याकडे निरखून बघत होते. आधी खांदे, मग छाती.

"मीडियम बसंल तुला," म्हणाले. "सेल लागलाय. सोमवारपर्यंत."

मी पोटाकडे हात नेत म्हटलं, "लार्ज लागेल हो."

"प्लेट छातीच्या मापानं घ्यायची असती भावा, पोटाच्या न्हाई," ते म्हणाले. "पोट वाऱ्यावर."

"वजन किती भरेल?" मी विचारलं.