बाजूच्या पट्टीच्या कारागिरांना खुले पत्र

प्रति,
फ्लेक्सच्या बाजूच्या पट्टीचे तमाम कारागीर,
मु. पो. पारशिवनी, जि. नागपूर.

विषय : उजव्या पट्टीच्या रचनेबद्दल जाहीर आभार, आणि सोबत एक लहानशी ऑर्डर.

भाऊहो,



आमडी फाट्यावर नागपूर-जबलपूर रस्ता सोडून गावाकडे वळलं की तुमचं प्रदर्शन सुरू होतं. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. लोक फ्लेक्सच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात. तो वाढदिवसाचा असतो, नियुक्तीचा असतो, नाहीतर नुसताच 'भावी' असतो. मी मात्र बाजूला बघतो. उजव्या कडेनं वरून खाली आलेली ती चेहऱ्यांची पट्टी. कुणी हात जोडलेले, कुणी मोबाईल कानाला लावून थेट मंत्रालयाशी बोलत असलेले, कुणी गॉगल चढवलेले, आणि तेही रात्रीच्या कीर्तनाच्या फ्लेक्सवर. मधला माणूस फोटोग्राफरनं घडवलेला असतो. पट्टी मात्र अस्सल तुमची, आणि तिच्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

त्या पट्टीत किती विद्या आहे हे बाहेरच्याला कळत नाही. कुणाचं डोकं कुणाच्या वर, कुणाला छातीपर्यंत घ्यायचं आणि कुणाला गळ्यापाशी तोडायचं, कुणाच्या नावाआधी 'मा.' आणि कुणाच्या आधी 'सन्मा.'. दहा बाय आठचा फ्लेक्स म्हणजे 80 चौरस फूट. त्यात दोन फुटांची पट्टी धरली तर 16 चौरस फूट, म्हणजे पाचवा हिस्सा. तेवढ्या जागेत तुम्ही तालुक्याचं राजकारण बसवता. एवढं करून माणूस येतो आणि म्हणतो, ''आमच्या भाऊचं डोकं त्याच्यापेक्षा लहान काहून दिसते बापा?'' तुम्ही न चिडता माऊस ओढता. भाऊचं डोकं वाढतं. मग शेजारच्याचा माणूस येतो. पट्टी अडीच फुटांची होते, मग तीन, मग डावीकडूनही एक निघते, मग खाली आडवी एक. मधला वाढदिवसवाला बिचारा आपल्याच फ्लेक्सवर अंग चोरून उभा राहतो. वर महाराज, फुले, आंबेडकर, तुकडोजी महाराज, गाडगेबाबा एका ओळीत नखाएवढे. तक्रार करायला त्यांचा कुणी माणूस तुमच्या दुकानात येत नाही, म्हणून त्यांना परवडतं.

आणि गट बदलला की? त्याचीही सोय तुम्ही करून ठेवली आहे. कॉम्प्युटरवर फोटोचा प्रत्येक थर वेगळा असतो. रुसलेल्या माणसाचा थर तुम्ही पुसत नाही, फक्त बंद करता. उद्या तो परत आला तर एक टिचकी, आणि साहेब पुन्हा जागेवर, त्याच गॉगलसकट. पक्षांतराचा एवढा बारीक अभ्यास विधानभवनाच्या ग्रंथालयातही नसेल.

आता जरा आमच्या बाजूनं. बाजूची जागा ही तुमच्याआधीही होतीच. ताटाची डावी बाजू घ्या : मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. प्रत्येक गोष्ट चिमूटभर, ठरल्या जागी, आणि जेवणाऱ्याला लागेल तेव्हाच हात जाईल अशी. तिथे वाढपी आपला फोटो ठेवत नाही. जुन्या पोथ्यांत चारी बाजूंनी समास सोडत, तो काही कागद स्वस्त होता म्हणून नव्हे. नक्कल करणाऱ्याकडून शब्द सुटला तर ओळीत काकपदाची खूण करायची आणि सुटलेला शब्द समासात लिहायचा, अशी रीत होती. मजकुरातून जे राहून गेलं आणि वाचणाऱ्याला लागेल, ते बाजूला. तुम्ही ही रीत सुधारलीत. जे राहून गेलं तर रात्री फोन येईल, ते बाजूला.

या सुधारणेचा कळस मी एका रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर पाहिला. आयोजकांचं नाव सांगत नाही, पट्टीतल्या वीस-बावीस जणांनी ते आधीच सांगितलेलं आहे. फ्लेक्स देखणा होता. लाल थेंब होता, थेंबात हृदय होतं, हृदयात नेते होते. तारीख होती. वेळ नव्हती. ठिकाणाच्या जागी एका मान्यवराचं कोपर आलं होतं. मागचं 'भवन' तेवढं दिसत होतं. आता रक्त द्यायला निघालेल्या माणसाला बाजूच्या पट्टीत काय हवं असतं? वय 18 पूर्ण हवं. वजन 45 किलोच्या खाली नको. मागचं रक्तदान करून पुरुषाला 90 आणि बाईला 120 दिवस झालेले हवेत. रिकाम्या पोटी येऊ नका. चार ओळी. एका गॉगलच्या जागेत मावतील. पण त्या चार ओळींचा कुणी मित्रपरिवार नाही, आणि त्यांना वर्गणीही देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, पट्टी वाचतो कोण? हाच तर मुद्दा जगभरच्या अभ्यासकांना छळतो आहे. अमेरिकेत 1998 साली बेनवे आणि लेन या दोघांनी दाखवून दिलं, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे ठळक आणि जाहिरातीसारखं दिसतं, नेमकं तेच माणसाची नजर वगळते. त्याला त्यांनी बॅनरचं आंधळेपण असं नाव दिलं. पुढे 2006 साली नील्सन यांनी वाचणाऱ्यांची नजर मोजली. ती वरची ओळ पाहते, खालची एखादी अर्धीमुर्धी पाहते, आणि मग डाव्या कडेनं खाली घसरते, एफ अक्षरासारखी. उजवी बाजू उपाशी राहते. तेव्हापासून तिकडचे जाणकार सांगत आले आहेत : पट्टीत थोडंच ठेवा, वाचणाऱ्याच्या कामाचं आधी ठेवा, पट्टी अरुंद ठेवा, मुख्य मजकुराशी तिला भांडू देऊ नका.

पारशिवनीत येऊन त्यांनी एक चक्कर मारायला हवी होती. इथे फ्लेक्स लागला की पहिला वाचक येतो तो पट्टीतलाच. तो थेट उजवीकडे बघतो, स्वतःला शोधतो, मग आपल्या वर कोण आणि खाली कोण ते बघतो, मोबाईल काढतो, पट्टीशी आपलं तोंड जुळवून फोटो घेतो आणि जातो. दुसरा वाचकही पट्टीतलाच. असे सगळे येऊन गेले की फ्लेक्सचं वाचन संपलं. राहिला रस्त्यावरचा. ताशी 40 किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. फ्लेक्स तिला चार सेकंद दिसला तर नशीब. रस्त्यावरच्या जाहिरातींच्या धंद्यात म्हणूनच सात शब्दांचा दंडक सांगतात. चार सेकंदांत बावीस चेहरे, बावीस नावं आणि बावीस पदं वाचायची तर गाडी नदीकाठच्या घोगरा महादेवापर्यंत सरळ जाईल आणि पेंच नदीत थांबेल. तेव्हा तुमची पट्टी निकामी आहे असं मी म्हणणार नाही. जिच्यासाठी ती आहे त्यांच्यापर्यंत ती शंभर टक्के पोचते. असं यश नील्सनलाही मिळालं नाही.

कुणी म्हणेल हा सगळा उथळपणा आत्ताचा आहे. त्याला शेजारच्या रामटेक तालुक्यातलं नगरधन दाखवा. सोळाशे वर्षांपूर्वी तिथे, म्हणजे नंदिवर्धनात, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता कारभार बघत होती. तिथून तिनं काढलेला एक ताम्रपट पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो. दान वाकाटकांच्या राज्यातलं, मोहर वाकाटकांच्या घरची, पण सुरुवातीला वंशावळ दिली आहे ती माहेरच्या गुप्तांची. वडील दुसरा चंद्रगुप्त, वर आजोबा समुद्रगुप्त. म्हणजे वरच्या नेत्यांची रांग त्याही काळी लागत होती आणि कुठले नेते लावायचे याचा हिशेबही होत होता. फक्त राणी तिथे थांबली नाही. पुढे गाव कोणतं दिलं, कुणाला दिलं, त्याच्या चार बाजूंना कोणती चार गावं आहेत, सरकारी माणसानं तिथे काय काय मागायचं नाही, हे सगळं कोरलेलं आहे. चतुःसीमा वाचून आजही माणूस नकाशा काढायला बसतो. तुमच्या फ्लेक्सवरून शिबिराचं भवन सापडलं नाही, ते काही तांबं महाग झाल्यामुळे नव्हे.

सरकारी पट्टीची गोष्ट उलटी आहे, आणि तिथे तुमची खरी गरज आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या 17 बाबी सांगितल्या आहेत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं आणखी सांगितलं : कोणती सेवा, फी किती, किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, नाही दिली तर अपील कुणाकडे, हे फलकावर लावा. वाचणाऱ्याच्या कामाची याहून चांगली पट्टी आपल्याकडे दुसरी निघालेली नाही. पण ती कुठल्याही कार्यालयात पाहा, मुंगीच्या अक्षरात, जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या मशीनमागे. कारण एकच : तिच्यात चेहरा नाही. भाऊहो, ते काम तुम्ही घ्या. दाखल्याला लागणारे दिवस मोठ्या अक्षरात, शेजारी जबाबदार अधिकाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आणि मुदत उलटली की रोज तो बोटभर लहान करत चला. डोकं लहान झालेलं आपल्या तालुक्यात कुणालाच सहन होत नाही. दाखला चौथ्या दिवशी घरपोच येईल.

कायद्याचा धाक तुम्हाला घालायचा नाही. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा 1995 चा आहे, 2017 साली मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांबद्दल लांबलचक निकाल दिला, आणि पट्टीतल्या बऱ्याच जणांनी या दोन्हींचं मनापासून स्वागत केलं असणार. त्या स्वागताचे फ्लेक्स तेवढे माझ्या पाहण्यात नाहीत. निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर छापणाऱ्याचं नाव-पत्ता टाकावाच लागतो, हे लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं 127-अ कलम मात्र तुम्हाला तोंडपाठ दिसतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही खालच्या कोपऱ्यात तुमचा मोबाईल नंबर असतो. अख्ख्या फ्लेक्सवर रस्त्यावरच्या माणसाला उपयोगी पडेल अशी तेवढीच एक ओळ. पूर्वीचे पेंटर त्याच कोपऱ्यात तिरकी सही करून 'आर्ट्स' लिहायचे. त्यांना अक्षरागणिक हात चालवावा लागे, म्हणून पाटीवर मोजकंच मावायचं. एका चेहऱ्याला दोन दिवस लागत असल्यानं चेहरा मागणारेही मोजकेच होते.

फ्लेक्स उतरल्यावरचं त्याचं आयुष्य हा वेगळा विषय आहे, त्यावर तुम्हाला रॉयल्टी मिळायला हवी. गोठ्याच्या छपरावर, धानाच्या ढिगावर, कापसाच्या गाडीवर तुमची पट्टी पावसाळाभर पाणी अडवते. पक्का माल आहे. शेतकरी पांढरी बाजू वर ठेवतो, चेहरे खाली. म्हशीला कुणाबद्दल आक्षेप नसतो.

एक बातमी तुमच्या धंद्याच्या मुळावर येणारी आहे, ती सांगून टाकतो. आपल्या तालुक्यात कोलितमाऱ्याकडे पसरलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कशाबद्दल? रात्रीच्या आकाशात काही लावलं नाही याबद्दल. दिवे कमी केले, उरलेले जमिनीकडे वळवले, आणि वरची जागा मोकळी सोडली. तारे बघायला लोक पैसे देऊन येतात. एवढी मोठी जागा रिकामी सोडायची आणि वर प्रमाणपत्र घ्यायचं! तुमच्या दुकानात ही मागणी कुणी केली तर तुम्ही त्याला ऊन लागलं असं समजून पाणी द्याल.

तरी धीर करून ऑर्डर देतो.

महाशिवरात्रीच्या यात्रेला घोगरा महादेवाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी एक फ्लेक्स हवा आहे. आठ बाय सहा, लाकडी फ्रेमसकट. मध्ये फक्त 'घोगरा महादेव' आणि बाण. बाण कोणत्या दिशेचा ते फ्लेक्स ठोकण्याची जागा बघून ठरवू. आधी छापून मग जागा शोधायची नाही. उजवीकडे दीड फुटाची पट्टी. तिच्यात वरून खाली एवढंच : गाड्या कुठे लावायच्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता. खडकाच्या पुढे पाण्यात उतरू नका. मूल हरवलं तर कुणाकडे जायचं. रुग्णवाहिका 108. दोन ओळींमध्ये बोटभर जागा मोकळी सोडा, आणि ती मोकळी दिसते म्हणून तिथे कमळ, घड्याळ, मशाल, पंजा किंवा बेलाचं पान काही टाकू नका. पाण्याची ओळ लाल, बाकी काळ्या. अक्षर श्रीलिपीतलं साधं घ्या. जळतं, वितळतं, सोन्याचं नको.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तो मीच उतरवून नेईन.

अंतिम छपाईआधी नमुना मोबाईलवर पाठवा. मधल्या काळात कुणी दुकानात येऊन ''एवढी जागा खाली आहे तर आमचा एक बसवून दे ना भाऊ'' म्हटलं, तर त्याला तुमच्या पद्धतीनं हो म्हणा आणि थर बंद ठेवा.

दर चौरस फुटाचा लावा. फोटो कापायचं काम नाही, तेव्हा त्याचे पैसे बिलातून वगळावेत. अ‍ॅडव्हान्स किती पाठवू ते कळवा.

आपला,
रस्त्यावरून जाणारा एक,
ज्याचा फोटो कुठेच नाही

ता. क. : 'शुभेच्छुक' टाकायची सवय हाताला असेल. नको.