पगार, तालीम आणि रात्रीची मेट्रो

उत्तरा बावकर दिल्लीत पगारावर अभिनय करायच्या. हे वाक्य मराठी वाचकाला जरा अडखळवतं. आपल्याकडे नटीच्या मिळकतीचा विषय निघाला की एक तर कोटींचे आकडे निघतात, नाही तर उतारवयातल्या हलाखीच्या बातम्या. सकाळी कामावर जावं, दिवसभर तालीम करावी, संध्याकाळी प्रयोग लावावा आणि महिना भरला की पगार हातात यावा, असं साधं नोकरदार आयुष्य नटीचंही असू शकतं, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

दिल्लीत ते होतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झालं आणि १९६४ मध्ये त्याचं पगारी रंगमंडळ उभं राहिलं. बावकर १९६८ मध्ये इब्राहिम अल्काझींच्या हाताखालून शिकून बाहेर पडल्या आणि पुढे कित्येक वर्षं या रंगमंडळात राहिल्या. ‘तुघलक’मधली सावत्र आई, ‘ऑथेल्लो’तली डेस्डेमोना, ‘मुख्यमंत्री’तली पद्मावती, मेना गुर्जरी, उमराव. एकाच बाईने हे सगळं केलं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यांनी १९७८ मध्ये हिंदीत बसवलं. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो हिंदी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. बरोबरीला सुरेखा सीकरी होत्या. या दोघींच्या आवाजाची, उभं राहण्याची आठवण दिल्लीकर प्रेक्षक अजून काढतात. त्या प्रतिभावान होत्याच. पण डेस्डेमोना आणि मेना गुर्जरी एकाच गळ्यातून निघायला आठवडेच्या आठवडे तालीम लागते, आणि त्या तालमीचे पैसे कुणीतरी मोजत होतं. हे सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक पुरं होत नाही.

महाराष्ट्राने मात्र बावकरांना खऱ्या अर्थाने पाहिलं ते १९९५ च्या ‘दोघी’ या चित्रपटापासून. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे ‘वास्तुपुरुष’, ‘उत्तरायण’ आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात त्या गेल्या, तेव्हा मृत्युलेखांत सिनेमा आणि मालिकांची यादी आधी होती. ज्या कामाने त्या घडल्या, ते दिल्लीतलं रोजचं काम एका ओळीत उरकलं गेलं.

मुलाखतींचंही तेच. अभिनेत्री समोर बसली की ठरलेले प्रश्न येतात. घर आणि करिअरची कसरत कशी जमवता? सकाळी काय खाता? व्यायाम किती? तालमीचे पैसे मिळतात का, हे कुणी विचारत नाही. नाट्यगृहातलं स्वच्छतागृह आत जाण्यासारखं असतं का? प्रयोग संपल्यावर घरी कशा जाता? अभिनेत्रीचा दिनक्रम जाणून घ्यायचा असेल तर हे तीन प्रश्न पुरेत. मराठी नटी यांची उत्तरं वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत, स्वच्छतागृहांबद्दल तर घसा कोरडा पडेपर्यंत. ऐकणाऱ्यांनी फक्त मेथीच्या पराठ्याची कृती लिहून घेतली.

तिसरा प्रश्न, घरी जाण्याचा, दिल्लीत सगळ्यात मोठा आहे. मंडी हाउसच्या चौकात उभं राहिलं की श्रीराम सेंटर, कमानी सभागृह, त्रिवेणी कला संगम, रवींद्र भवन आणि नाट्य विद्यालय, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. देशात इतकी नाट्यगृहं इतक्या जवळ फार थोड्या ठिकाणी असतील. पण नटी तिथे राहत नाही. तिला ते परवडत नाही. ती लक्ष्मी नगरच्या भाड्याच्या खोलीत राहते, नाही तर नोएडात, फरीदाबादला, द्वारकेला. एकट्या मुलीला, त्यातून नाटकात काम करणाऱ्या मुलीला खोली द्यायची म्हटलं की घरमालक शंभर प्रश्न विचारतो, ते वेगळंच.

साडेसहा-सातला तिसरी घंटा, नऊच्या आसपास पडदा. मग रंगपटात खोबरेल तेलाने मेकअप उतरवायचा, घाईत डोळ्यांच्या कडांना काजळ तसंच राहतं. कपड्यांची पेटी आवरायची, कुणाची तरी वाहवा ऐकायची आणि स्टेशन गाठायचं. मंडी हाउसला मेट्रो २००६ मध्ये आली. ऑक्टोबर २०१० पासून पहिला डबा बायकांचा झाला. दिल्लीच्या रंगभूमीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, मी तर म्हणेन एखाद्या नव्या नाट्यगृहाइतकी मोठी. पण मेट्रो अकराच्या सुमारास झोपते, आणि घर काही स्टेशनात नसतं. शेवटचा एक-दीड किलोमीटर बॅटरी रिक्षाचा. डिसेंबरच्या धुक्यात, अर्ध्या दिव्यांच्या रस्त्यावर, पलीकडे कुणी नसतानाही फोन कानाला लावून मोठ्याने बोलत जाणाऱ्या मुली या शहरात रोज रात्री दिसतात. दोन तास प्रेक्षागृह ताब्यात ठेवलेल्या नटीला हा दुसरा अभिनय कशासाठी करावा लागावा?

१६ डिसेंबर २०१२ ला साकेतहून सिनेमा पाहून परतणारी मुलगी मुनीरक्याला बसमध्ये चढली, तेव्हा रात्रीचे नऊ-साडेनऊच वाजले होते. नाटक सुटण्याचीच ती वेळ. त्या बसमध्ये तिच्यावर झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर दिल्लीतल्या किती घरांत मुलीच्या तालमींवर वेळेची कात्री लागली असेल, याची नोंद कोणत्याही नाट्य-इतिहासात सापडायची नाही. ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये बायकांना गुलाबी तिकिटावर फुकट प्रवास मिळू लागला. चांगलं झालं. हातावर पोट असलेल्या मुलीच्या महिन्याच्या हिशेबात त्याने खरा फरक पडला. पण उशिराची बसच नसेल तर फुकट तिकीट घेऊन थांब्यावर उभं राहायचं का?

हवेचंही तसंच. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा निर्देशांक ५०० च्या काठावर गेला. शाळा बंद झाल्या, बांधकामं थांबली. नटीच्या गळ्याचा विचार करणारा नियम मात्र कुठेच नाही, आणि तिचं सगळं काम त्या गळ्यावर चालतं.

आता कुणी म्हणेल, खरी निष्ठा असेल तर पगार आणि बसगाडी कशाला हवी? त्यांनी मोलोयश्री हाश्मींचं नाव जरूर घ्यावं. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना जमावाने हल्ला केला. मोलोयश्रींचे पती सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला मोलोयश्री जन नाट्य मंचाच्या साथीदारांना घेऊन त्याच जागी परतल्या आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. नवरा जाऊन दोन दिवस झाले होते. भारतीय रंगभूमीवर याहून मोठा प्रयोग मला माहीत नाही. जन नाट्य मंचाची माणसं आजही आपापली कामं सांभाळून तालमीला येतात, पगाराची अपेक्षा न ठेवता. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण असामान्य बाईचं धैर्य दाखवून बाकीच्या हजार जणींची मजुरी बुडवायची, हे चालणार नाही. निष्ठा नटीने आणावी. रस्त्यावरचा दिवा, स्वच्छ मोरी आणि तालमीची जागा देणं हे सरकारचं आणि पालिकेचं काम आहे.

महाराष्ट्र नाट्यवेडा असल्याचं आपण उठल्यासुटल्या सांगतो. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा घेतो, ती हौशी रंगकर्मींसाठी मोलाची आहेच. पण शेजारच्या कर्नाटकाने १९८९ मध्ये म्हैसूरला ब. व. कारंतांच्या हाती ‘रंगायण’ सोपवलं, मध्य प्रदेशाने भोपाळच्या भारत भवनात रंगमंडळ उभारलं, आणि आपण व्यावसायिक नाटकाच्या नाइटवर आणि मालिकांच्या तारखांवर सगळं सोडून दिलं. शिकायला रोहिणी ओक दिल्लीला गेल्या आणि रोहिणी हट्टंगडी होऊन कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ‘बाफ्टा’ घेऊन आल्या. ज्योती सुभाष गेल्या, पुढे अमृता सुभाष गेली. मुली जात राहिल्या, शिकून परत आल्या, आणि इथे त्यांच्यासाठी महिन्याच्या पगाराची एक जागा आपण निर्माण केली नाही.

सांस्कृतिक कार्य विभागाने पुढच्या अर्थसंकल्पात वीस कलाकारांच्या कायम पगारी नाट्यमंडळाची तरतूद करावी, त्यांतल्या निम्म्या जागा बायकांच्या ठेवाव्यात. पालिकांनी सकाळी रिकामी पडणारी नाट्यगृहं तालमींना द्यावीत आणि रात्री प्रयोग सुटण्याच्या वेळेला दारात बस उभी करावी. आणि त्या मंडळाचं पहिलं नाटक दिल्लीत न्यावं, कमानी सभागृहात लावावं. जुनं महाराष्ट्र सदन कमानीच्याच रस्त्यावर, कोपर्निकस मार्गावर आहे, मुक्कामाची सोय शोधावी लागणार नाही.