शांततेची भांडी कोण घासणार?

आमच्या ऑफिसने मध्यंतरी कर्मचाऱ्यांना शांती द्यायचं ठरवलं. बढत्या अडकलेल्या, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, तेव्हा देण्यासारखं तेवढंच उरलं होतं. सर्क्युलर निघालं: पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला एक वेलनेस कोच, दर गुरुवारी दुपारी ऑनलाइन भेट, हजेरी सक्तीची. कुणाला अशांतच राहायचं असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागेल, एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं.

माझ्या वाट्याला आलेली कोच माझ्या लेकीपेक्षाही लहान. गोड मुलगी. मला ‘मॅम’ म्हणायची आणि प्रश्न विचारून झाला की बराच वेळ गप्प बसायची, मला स्वतःच्या आत डोकावता यावं म्हणून. मी डोकावले की आत दिसायची संपत आलेली कणीक.

“मॅम, तुम्ही फक्त स्वतःसाठी असा वेळ कधी काढता?”

“दर गुरुवारी दुपारी.”

तिने ते लिहून घेतलं.

मग तिने माझ्याकडून आयुष्याचं चाक काढून घेतलं. एक वर्तुळ, त्याचे आठ भाग: आरोग्य, पैसा, नाती, करमणूक वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि ठिपके जोडायचे. चाक गोल आलं तर आयुष्य सुरळीत धावतंय. माझं चाक उंदराने कुरतडलेल्या पोळीसारखं आलं. ते पाहून आमच्या ह्यांनीही हौसेने स्वतःचं काढलं, तर ते गरगरीत गोल. सगळीकडे नऊ. घरालासुद्धा नऊ! “छान चाललंय की घर,” म्हणाले. चालवतंय कोण, याचा रकाना त्या चाकात नव्हता.

त्यानंतर बेदाणा आला. हा बेदाणा थोर कुळातला आहे. जॉन कबाट-झिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दुखण्याला कंटाळलेल्या रुग्णांसाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात एक बेदाणा हातात घेऊन आधी नुसता पाहायचा, मग चाचपायचा, वास घ्यायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, आणि बऱ्याच वेळाने, अगदी सावकाश, चावायचा. विचार आला तर येऊ द्यायचा, मागे लागायचं नाही. मी तासगावचा चांगला टपोरा बेदाणा घेऊन बसले. कोचचा आवाज मऊ होत गेला. “काय दिसतंय, मॅम?” मला काडी दिसली. शिऱ्यासाठी बेदाणे निवडण्यात जिची हयात गेली तिला बेदाण्यात दुसरं काय दिसणार? काडी काढली. मग वाटलं, बाकीचेही बघून घ्यावेत. सत्र संपलं तेव्हा पाव किलो निवडून झाले होते. इतकं मन लागून मी वर्षभरात काही केलं नव्हतं, त्यामुळे पद्धतीला मी दोष देणार नाही.

“मौन करून पाहा, मॅम,” पुढच्या गुरुवारी कोच म्हणाली. मौन आमच्या घराण्यात दोन प्रकारचं आहे. एक आजीचं. ती चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, मौनाने जेवायची. पण मौन फक्त जिभेचं. भुवया, हात आणि ‘हूं’ मोकळे. उजवी भुवई वर गेली की आमटीत मीठ कमी, दोन्ही गेल्या की भात फडफडीत नाही, आणि लांब ‘हूंऽऽ’ आलं की धाकट्या सुनेने डोक्यावरचा पदर सावरायचा. आई सांगायची, चार महिने आम्ही देवाला हात जोडायचो की सासूबाईंना बोलू दे. उद्यापनाला आजीने देवळात घंटा दिली, तेव्हा घरात खरा आनंद झाला.

दुसरं मौन भावोजींचं. ते इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांनी १९६९ साली भारतात येऊन ही शिबिरं सुरू केली. तिथले नियम मला फार आवडले. पहाटे चारला घंटा. मोबाइल जमा. फी नाही, शिबिर पूर्ण करणाऱ्याने वाटलं तर दान द्यावं. आणि आर्य मौन, म्हणजे बोलायचं नाहीच, पण खुणाही करायच्या नाहीत. आजीला पहिल्याच जेवणाला परत पाठवलं असतं. भावोजी घरी आले ते अंतर्बाह्य बदलून. अत्यंत मंद आवाजात ते आम्हाला मौनाचं महत्त्व सांगत राहिले, रात्री साडेअकरापर्यंत. ताईला विचारलं, “तुला काय फरक जाणवला?” ती म्हणाली, “फार शांत वाटलं गं. ते दहा दिवस.” मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. भावोजी तेव्हापासून जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुतात. निर्वाणाचं मला कळत नाही, ताटाचं कळतं.

शेवटच्या भेटीत कोचने गृहपाठ दिला. “मॅम, तुमच्या संस्कृतीतला ऋतूशी जोडलेला एखादा उत्सव निवडा आणि तो जाणीवपूर्वक साजरा करा.”

एखादा! मी फ्रिजशेजारच्या कालनिर्णयकडे पाहिलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं तेव्हापासून आमच्या घरात खरा कोच तोच आहे. त्याने कधीही विचारलं नाही की तुम्हाला आत काय वाटतंय. आज दिव्याची अमावास्या आहे, दिवे घासा. आज भोगी आहे, तीळ लावून भाकऱ्या थापा. वाटायचं ते नंतर वाटून घ्या. त्याच चौकोनात दुधाचा खाडा आणि गॅस लावल्याची तारीख लिहायलाही तो जागा देतो. कुठला कोच देईल?

मी धुंधुरमास निवडला. सूर्य धनु राशीत असतानाचा महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. त्यात एक दिवस उजाडताना जेवायचं. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, लेकुरवाळी भाजी. थंडीत भूक चांगली लागते आणि पचतंही, त्यामुळे हा सण ठरवणाऱ्याच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे. फक्त तो स्वयंपाकघरात उभा राहून ठरवलेला दिसत नाही. उजाडताना पानं मांडायची तर भाकऱ्या केव्हा थापायच्या? मी अंधारात उठले, जाणीवपूर्वक भरीत भाजलं. कोवळं ऊन ओट्यावर आलं तेव्हा हे आंघोळ करून पाटावर बसले, पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “अहाहा. काय शांत वाटतंय!”

मलाही वाटलं असतं. सिंककडे पाठ करून बसले असते तर.

तिथे माझं आणि शांततेचं एकदाचं जमलं, कारण तिची अडचण कळली. कोच असो, ध्यान असो की सण, तिघेही बरंच चांगलं सांगतात, पण भांड्यांबद्दल कुणी बोलत नाही. ज्या शांततेचं सिंक दुसऱ्याच्या वाट्याला येतं ती शांतता नव्हे, ती नुसती पंगत. बाकी माझी कशाबद्दलच तक्रार नाही.

गेल्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मी हा सिद्धान्त मांडला. सेक्रेटरी म्हणाले, सूचना सर्वसाधारण सभेत घेऊ. मी म्हटलं, दूध आज आहे. आश्विनातली पौर्णिमा, पाऊस गेलेला, धूळ बसलेली, चंद्र असा की टाकीवरचा शेवाळ्याचा पट्टाही दिसत होता. लक्ष्मी त्या रात्री ‘कोण जागं आहे’ विचारत फिरते म्हणतात, आणि आपण जागरणाच्या दुधात नेमकं झोप आणणारं जायफळ किसतो. ही गंमत मला दरवर्षी नव्याने आवडते. दूध आटलं, केशर-चारोळी पडली, पेले फिरले. मग ह्यांनी बाह्या दुमडल्या, भावोजी मोठ्या पातेल्याची खरवड काढायला बसले (निम्मी खाल्ली), आणि सेक्रेटरींना पाण्याचा पाइप धरायला दिला. मी कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. कसलाही विचार आला नाही. आला असता तरी मागे लागले नसते.

यंदाही कोजागिरीला गच्चीवर दूध आहे. सगळ्यांना आमंत्रण आहे, वर्गणी नाही. फक्त येताना आपापला पेला आणा, आणि पुरुषमंडळींनी घासणीही.