पिशवीकरांची प्रभातफेरी

पिशवीकर हे आडनाव मतदार यादीत सापडणार नाही. पण कोथरूड, धनकवडी, विश्रांतवाडी, सिंहगड रस्ता, कुठेही जा, निदान एक पिशवीकर भेटल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या सोसायटीतले पिशवीकर दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. अंगात सदैव इस्त्रीचा शर्ट. स्वच्छतेच्या बाबतीत तर इतके कडक की त्यांच्या दारात चपला काढताना पायही बाहेरच ठेवावेत की काय, असा पाहुण्याला प्रश्न पडतो. फरशी दोनदा पुसली जाते. ओट्यावर पाण्याचा एक थेंब दिसला तर तो कुणाच्या हातून पडला याची चौकशी होते.

अशा घरात कचरा एक रात्रसुद्धा मुक्काम करू शकत नाही. म्हणून दूधवाला जिना चढत असतो तेव्हा पिशवीकर जिना उतरत असतात. हातात पिशवी, पिशवीला दुहेरी गाठ. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची एक पिशवी टांगलेली आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा लोकांनी पिशव्या टाकून दिल्या, यांनी त्या जमवल्या. त्या साठ्यातून ते प्रसंग पाहून निवड करतात. रोजच्या सालपटांना साधी काळी, आणि दिवाळीच्या कचऱ्याला लक्ष्मी रस्त्यावरच्या शालूंच्या दुकानाची. बंदी मोडल्यास पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद, हे त्यांना तोंडपाठ आहे. "पण ते कायदे न पाळणाऱ्या लोकांसाठी असतं," असं ते म्हणतात.

स्कूटरच्या हुकाला पिशवी लागते आणि प्रभातफेरी निघते. मुक्काम ठरलेला: कोपऱ्यावरची विजेची डीपी. तिथे पूर्वी महापालिकेचा लोखंडी कंटेनर होता. पुढे कचरा दारातूनच गोळा करायचा आणि रस्त्यावरचे कंटेनर काढायचे असं ठरलं, तेव्हा तो गेला. गेला तो कंटेनर. जागा तिथेच राहिली आणि पिशवीकरांच्या हाताची सवयही. डीपीजवळ आल्यावर स्कूटर थांबत नाही, नुसती मंदावते. डावा हात हुकाकडे जातो, मान उजवीकडे वळते, समोरच्या पेपरवाल्याला "काय, पाऊस आहे का आज?" असं विचारलं जातं. त्याचं उत्तर येईपर्यंत पिशवी डीपीच्या पायाशी पोचलेली असते.

यात एक बारीक नियम आहे आणि तो पिशवीकर कसोशीने पाळतात. पहिली पिशवी त्यांची कधीच नसते. एखाद्या दिवशी महापालिकेच्या आरोग्य कोठीवरच्या माणसांनी भल्या पहाटे जागा झाडून लख्ख केलेली असली, की पिशवीकर अस्वस्थ होतात. चौकाला वळसा घालतात, पुन्हा येतात, अजून काही नाही. पुन्हा वळसा. अखेर कुणीतरी येऊन फुटक्या कुंडीतली माती ओतून गेला की यांचा जीव भांड्यात पडतो. स्वच्छ जागेवर कचरा टाकणारा माणूस घाणेरडा, हे त्यांचं प्रामाणिक मत आहे.

ती जागा सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. आधी फलक लागला. त्यावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवणारं पिशवीकरांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. चुका सुधारून नवा फलक लागला आणि त्याच्याखाली पिशव्या पडत राहिल्या. मग सफाई सेविकांनी तिथे झाडून, पाणी मारून सुरेख रांगोळी काढली. पिशवीकर संस्कारी घरातले. रांगोळी मोडायला त्यांचा हात धजेना, म्हणून त्यांनी पिशवी महिरपीच्या बाहेर, नेमकी कडेला ठेवली. कुणीतरी भिंतीवर देवांच्या फरशा बसवल्या. पिशवीकरांनी कोपराला पिशवी अडकवून दोन्ही हात जोडले आणि चार पावलं पुढे गेले. शेवटी कॅमेरा आला. हेल्मेटसक्तीविरुद्ध हिरिरीने भांडलेल्या या पुणेकराने त्या दिवसापासून हेल्मेट घातलं. फक्त सोसायटीच्या फाटकापासून डीपीपर्यंत. परत येताना ते हुकाला असतं, पिशवीच्या जागी.

पिशवीकरांचं घराणं मोठं आहे. धाकटी पाती ताम्हिणीत धबधबा बघायला जाते आणि गाडीची काच खाली करून वेफर्सची पाकिटं दरीत सोडते. एक शाखा सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन मडक्यातल्या दह्याचं मडकं बुरुजावरून कुठवर जातं ते बघते. त्या लोकांशी आमच्या पिशवीकरांची तुलना केलेली त्यांना चालत नाही. ते बेशिस्त लोक, असं ते म्हणतात, आणि खरंच आहे. गाठ मारल्याशिवाय हे काही टाकत नाहीत.

निर्माल्याचं मात्र वेगळं आहे. ते डीपीपाशी टाकणं पाप. त्यासाठी पूल लागतो. मुठेवरच्या पुलांना उंच जाळ्या बसवल्यात त्या पिशवीकरांसारख्यांच्या भक्तिभावामुळेच. पुलाच्या तोंडाशी निर्माल्य कलश ठेवलेला असतो, पण त्यात टाकायचं नाही, कारण "ते लोक पुढे त्याचं खत करतात म्हणे." देवाला वाहिलेला झेंडू वाहत्या पाण्यातच जायला हवा. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नसलं की मुठेत वाहतं ते काय असतं, हा प्रश्न भाविकाने विचारू नये. पिशवीकर जाळीवरून पिशवी भिरकावतात. तरुणपणी बँकेच्या संघातून गोलंदाजी करत. आता खांदा तेवढा साथ देत नाही. पिशवी जाळीच्या टोकाला अडकते आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत तिथेच लोंबकळते, आत दूर्वा, फुलं, कापूर आणि कापराचं प्लास्टिकचं वेष्टण.

आता कुणी म्हणेल, माणसाला सोय नसेल. सोय आहे, आणि रोज सकाळी नऊच्या सुमाराला ती त्यांच्या दारात उभी असते. पुण्यातल्या कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिच्या सभासद महापालिकेशी करार करून घराघरातून कचरा नेऊ लागल्या. आमच्याकडे येणाऱ्या ताई त्यांतल्याच. त्यांना घरटी महिन्याला द्यायचे ते पैसे पिशवीकरांच्या स्कूटरच्या पेट्रोलपेक्षा कमीच असतील. तरी पिशवीकरांचं म्हणणं असं, की वेळ जुळत नाही. नऊ वाजता हे गृहस्थ गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत असतात.

वेळ पूर्वी जुळत असे. ती कशी फिसकटली हे मी समोरच्या दारातून ऐकलेलं आहे.

"काका, आजपण ओला-सुका वेगळा नाही केला."

"अगं, शेवटी सगळा एकाच ठिकाणी जातो ना?"

"कुठं जातोय? सुकं मी विकते. पिठल्यात बुडालेला पुठ्ठा कोण घेईल?"

"ते तुझं काम आहे."

"माझं काम न्यायचं. वेगळं करायचं तुमचं. आणि डायपर असं मोकळं देऊ नका, कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करा. नातू आलाय ना अमेरिकेहून?"

नातू आदल्या रात्रीच आला होता. शेजारी असून मला पत्ता नव्हता.

पिशवीकरांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. ज्यांच्या सहीशिवाय शाखेत चहाचं बिल मंजूर होत नसे, त्यांची पिशवी एक बाई त्यांच्याच उंबऱ्यावर नामंजूर करत होती. तेही आवाज न चढवता, काका म्हणून. केंद्र सरकारचे २०१६ चे नियमही हेच सांगत होते: ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करून द्यायचा. तीच गोष्ट एखाद्या अधिकाऱ्याने पत्र पाठवून सांगितली असती, तर पिशवीकरांनी तीन डबे आणून त्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या. पण डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईने शिकवावं आणि आपण शिकावं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. दुसऱ्या दिवसापासून प्रभातफेरी सुरू झाली. माझं म्हणाल तर मला वाटतं, त्यांना पैशाची कुरकुर नव्हती आणि कष्टाचा कंटाळाही नव्हता. एवढ्या पहाटे हेल्मेट घालून जाणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं? त्यांना फक्त असा एक मुका पत्ता हवा होता जो पिशवी उघडत नाही आणि उलटून बोलत नाही. रस्ता तेवढा सोशिक असतो.

सार्वजनिक स्वच्छतेविषयी त्यांची आस्था मात्र तसूभरही कमी झालेली नाही. दर २ ऑक्टोबरला सोसायटीच्या आवारात त्यांचं भाषण असतं. त्यात इंदूर येतं, कारण २०१७ पासून सलग काही वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात त्या शहराने पहिला नंबर सोडला नाही, "आणि ते शहर आपल्या होळकरांचं!" असं म्हणून ते टाळ्या घेतात. मग गाडगेबाबा येतात. बाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. पिशवीकरांनी यातलं कीर्तन उचललं आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. डेपोला आग लागली होती, धुराने लोक हैराण झाले होते. वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्या गावांच्या विहिरींत झिरपत होता. इकडे शहरात ढीग साचले, डीपीसुद्धा दिसेनाशी झाली. तेव्हा पिशवीकर संतापाने थरथरत होते. "गावकऱ्यांनी शहराला वेठीला धरलंय! डेपो शेजारी आहे हे माहीत असताना हे लोक तिथे राहायला गेलेच का?" पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती करणाऱ्यांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही. मी विषय बदलून नातवाची चौकशी केली.

गेल्या दिवाळीनंतर मात्र प्रभातफेरीत विघ्न आलं. कॅमेऱ्यात नुसतं हेल्मेट दिसतं म्हटल्यावर आरोग्य कोठीवरच्या लोकांनी जुनी, खात्रीची पद्धत काढली. पिशव्या उघडायच्या आणि आत पत्ता सापडतो का बघायचं. पूर्वी यासाठी विजेचं बिल नाहीतर लग्नपत्रिका लागे. हल्ली माणसं चमचासुद्धा घरपोच मागवतात आणि प्रत्येक खोक्यावर नाव, सदनिका क्रमांक, मजला आणि मोबाइल नंबर छापून येतो. एका सकाळी आरोग्य निरीक्षक आणि मुकादम शालूच्या दुकानाची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर हजर झाले.

"साहेब, हे आपलंच ना?"

"माझ्या नावाचा कचरा दुसऱ्या कुणी टाकला नसेल कशावरून?" बँकेत सह्या पडताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा मुद्दा सुचणं साहजिक होतं. तो टिकेना, तेव्हा त्यांनी राज्यघटना काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानलेला आहे. खासगी पिशवी उघडण्याचा अधिकार महापालिकेला दिला कुणी?

"काका, पिशवी रस्त्यावर होती," मुकादम म्हणाला. मग पुरावा म्हणून त्याने दुहेरी गाठ पुन्हा सोडली आणि एकेक वस्तू दारातच काढून ठेवू लागला. पार्सलचा खोका. मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. त्याखाली पेढ्यांचा अर्ध्या किलोचा खोका, पूर्ण रिकामा.

पिशवीकरकाकू तोवर हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हे कधी आणलेत?" या प्रश्नानंतर पिशवीकरांचं दंडाविषयीचं सगळं म्हणणं एकाएकी आटोपलं. त्यांनी घाईघाईने पाकीट काढलं, पैसे मोजले, आणि एरवी पावतीवरचा आपल्या नावातला 'पि' पहिला आहे की दुसरा हे तपासून घेणारा माणूस पावती न वाचताच आत गेला.

ताई नंतर आल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं, पण त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं "कचरा!" म्हणून हाक दिली. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं नाही.

त्यानंतर काही दिवस स्कूटर जागची हलली नाही. सोसायटीत कुजबुज सुरू झाली की पिशवीकर सुधारले. परवा शब्दकोशाचा एक खंड परत करायला मी त्यांच्याकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते कात्री घेऊन बसले होते. समोर आठवड्याभराची खोकी, पाकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या. एकेका खोक्यावरचा नाव-पत्ता ते कडेकडेने, अगदी हळुवार कापून काढत होते. त्याचे बारीक तुकडे एका वाटीत, उरलेला पुठ्ठा एका पिशवीत. शेजारी हेल्मेट पुसून ठेवलेलं होतं.

"या, बसा," ते म्हणाले. "वर्गीकरण चाललंय. नावाचा वेगळा, बिननावाचा वेगळा."